ओव्हरचा कागद

कोलकाता, ६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

फोन लावला की तुझं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं, आणि मोबाइलच्या काचेवर बोटं घासत बसणं तुला मंजूर नाही. तेव्हा लिहिते. पाकिटावर पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा हे चैत्रालीला दाखवावं लागलं. नववीतली मुलगी आहे आणि पोस्टाची पेटी तिने फक्त चित्रात पाहिलीय.

एक बातमी आहे आणि ती तुलाच सांगायची होती, कारण केदारला कस्टमच्या फायलींपलीकडे काही दिसत नाही. खिदिरपूरहून घरी येतो तो जहाजांच्या गप्पा मारतो. तर बातमी अशी की माझ्या वॉर्डात मी ओव्हरचा कागद सुरू केला. जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला पेशंट समजावून द्यायचे, एवढंच ते काम, पण इथे त्याचा नुसता भाजीबाजार होता. दोन मुली मणिपूरच्या, दोन केरळच्या, बाकी बंगाली आणि मी ही अशी. एक हिंदीत सांगणार, दुसरी इंग्रजीत ऐकणार, तिसरी गाडी चुकेल म्हणून मध्येच पर्स उचलणार. जानेवारीत एकाचं ऑपरेशन पुढे गेलं. त्याला उपाशी ठेवायचंय हे सांगायचंच राहिलं आणि सकाळच्या मुलीने त्याला पोटभर लुची-आलूदम खाऊ दिला. तेव्हा आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र मी वही घेऊन चौकटी आखत बसले.

म्हणून कागद. पेशंटमागे एक, नऊ चौकटी. काय झालंय, काय दिलंय, काय बाकी आहे, कशावर लक्ष ठेवायचं. शेवटची चौकट माझी खास, त्यात 'समजलं' आणि त्याखाली येणारीची सही. आता कोणी म्हणायचं नाही की मला सांगितलंच नव्हतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत तुझं वाक्य लिहिलंय, 'जे लिहिलं नाही ते झालं नाही'. सिव्हिलमध्ये शिकाऊ मुलींच्या कानीकपाळी ओरडायचीस ना ते.

बाकीच्यांनी कागद पाहून नाकं मुरडली. एक शिउली हालदार तेवढी माझ्या बाजूने उभी राहिली. सव्वीस वर्षांची आहे, बारुईपूरच्या पलीकडून येते, तिच्या गावातली पहिली नर्स. तिने कागद घरी नेला, प्रत्येक चौकटीचा अर्थ बंगालीत लिहून आणला आणि सगळ्यांना समजावला. मला दीदी म्हणते आणि माझ्या बंगालीला तोंडावर हसते.

मार्चमध्ये दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी बाहेरची माणसं तपासणीला येणार आहेत. सुपरिंटेंडेंट मॅडमनी माझा कागद सगळ्या हॉस्पिटलला लावलाय. पंधरा वर्षं केदारच्या बदल्यांमागे नोकऱ्या सोडत आले. या गावात माझं काहीतरी मागे राहील असं पहिल्यांदाच वाटतंय. खूप बरं वाटतंय, आत्या. एक प्रत सोबत पाठवलीय, मनासारखी फाड.

वैदू


सांगली, १७ फेब्रुवारी

वैदू,

फाडण्यासारखं फार नाही, त्यामुळे माझी निराशा झाली. कागद चांगला आहे. तुझ्या मावसभावाच्या लग्नाची पत्रिका याहून गोंधळाची होती.

पण एक सांग. सही कुठे करतात तुझ्या मुली? टेबलाशी की खाटेशी? तुझ्या कागदावरून कळत नाही. आमच्या वेळी जाणारी आणि येणारी, दोघी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहायचो, चादर बाजूला करून जखम बघायचो, बाटलीत किती उरलंय ते बघायचो, आणि आजोबांना विचारायचो, जेवलात का, सुई टोचली का. ओव्हर घेताना पेशंट हा तिसरा माणूस असतो, आणि त्या तिघांत खरं बोलणारा बहुधा तोच. चाळीस वर्षांत मी इतक्या सह्या पाहिल्या की सांगायची सोय नाही. सही करायला डोळे उघडे लागत नाहीत.

तेव्हा एक चौकट वाढव. 'खाटेशी उभं राहून पाहिलं.' ती सगळ्यात वर टाक.

आणि माझं वाक्य भिंतीवरून काढलंस तरी चालेल. मी ते आळशी मुलींना पळवायला म्हणायचे. भिंतीवर लागलं की लोकांना ते कायदा वाटतं.

शिउलीला सांग, सांगलीची एक बहिरी म्हातारी तुझी चौकशी करत होती.

विजयाआत्या


कोलकाता, ३० मार्च

आत्या,

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं, उत्तर माझ्याकडूनच राहिलं. तपासणी बावीस तारखेला झाली. प्रमाणपत्र मिळालं, दाराशी फ्रेम करून लावलंय. तुझी चौकट घालायची राहून गेली, कारण कागद आधीच हजारांनी छापून आले होते.

वॉर्डात एक वाईट गोष्ट झाली. दहा नंबरला नस्करबाबू म्हणून होते, पायाच्या जखमेसाठी आलेले, मधुमेही. त्यांना दुपारचं इन्सुलिन दोनदा गेलं. साखर इतकी उतरली की साडेचारला लक्षात आलं तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते. आयसीयूत आहेत, डोळे उघडत नाहीत. दुसरं इंजेक्शन शिउलीने दिलं. कागदावर 'समजलं' खाली तिची सही आहे. चौकशी लावलीय आणि तोपर्यंत तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय.

मन कशात लागत नाही. चैत्रालीची परीक्षा आटोपली. केदारच्या बदलीची यादी पावसाळ्यात लागेल म्हणतात. तू जिना सांभाळून उतर.

वैदू


सांगली, ९ एप्रिल

वैदू,

वाचून जीव थाऱ्यावर नाही. समजलं म्हणून सही ठोकायची आणि वर दुसरं इंजेक्शन द्यायचं, याला काय म्हणावं? पोर हुशार आहे म्हणालीस, तर ही कसली हुशारी. माझ्या हाताखाली असती तर मी तिला दारात उभी केली नसती. त्या माणसाच्या बायकोने काय करायचं आता?

हे सगळं लिहून मी पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. तुझं पत्र परत वाचलं म्हणून. इंजेक्शन दोनदा गेलं म्हणतेस. दुसरं शिउलीने दिलं म्हणतेस. पहिलं कोणी दिलं? आणि औषधाच्या चार्टवर ते का नव्हतं? तू अशी बाई आहेस की लुची-आलूदमसुद्धा नावानिशी लिहितेस. या पत्रात त्या बाईला नाव नाही.

मला उत्तर दे.

आत्या


कोलकाता, २ जून

आत्या,

पहिलं मी दिलं.

आठ आठवडे हे तीन शब्द लिहायला लागले. आता सगळं सांगते, मध्ये मला अडवू नकोस.

त्या दिवशी तपासणीची माणसं दोन वाजता वॉर्डात येणार होती. औषधांचे चार्ट सकाळीच वर मीटिंगच्या खोलीत मागवून घेतले होते. ओव्हरची फाईल त्यांना पूर्ण भरलेली दाखवायची, असा मॅडमचा हुकूम होता, म्हणून मी सकाळच्या तनिमाला बारा वाजताच सगळे कागद भरून ठेवायला सांगितले. दहा नंबरवर तिने लिहिलं की बाराची साखर इतकी आणि दुपारचं इन्सुलिन बाकी. तेव्हा ते खरंच बाकी होतं. नस्करबाबूंना एक्स-रेला नेलं होतं, जेवण मागे पडलं होतं. सव्वा वाजता ते परत आले. तनिमा ड्रेसिंगला अडकली होती. ताट निवतंय म्हणून मीच इंजेक्शन दिलं आणि ते दोन घास जेवले. चार्ट हाताशी नव्हता. आला की लिहू म्हटलं. कागदावर खोडाखोड केली असती तर फाईल घाण दिसली असती, म्हणून तोही तसाच ठेवला.

दीडला शिउली आली. मी तिला माझ्या टेबलाशी बसवलं आणि पंधरा कागद पुढे केले. ती म्हणाली, "दीदी, आधी एकदा खाटांवरून फिरून येऊ?" मी म्हटलं, "आधी सह्या कर, फिरायला अख्खी संध्याकाळ आहे." तिने केल्या. मला नाही म्हणायचं तिच्या मनातही आलं नसेल. मग ती माणसं आली, मी त्यांच्यामागे हसत हिंडले आणि नस्करबाबू माझ्या डोक्यातून साफ गेले. सव्वादोनला शिउलीने कागद वाचून इंजेक्शन दिलं. त्यांनी काही न बोलता शर्ट वर केला. रोजच्या इतक्या सुया, माणूस किती विचारणार?

तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. सही टेबलाशी की खाटेशी, विचारणारं.

चौकशीत मला एवढंच विचारलं की कागदाची पद्धत काय आहे. मी पद्धत सांगितली. पुढचं कोणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. शिउली समोर बसली होती. तिला माहीतच नाही, आत्या. चौकशीत ठरलं की तिने एकदाच दिलं पण डोस चुकवून दुप्पट भरला, आणि हल्ली तीही म्हणते की कदाचित तसंच झालं असेल. स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडालाय आणि तो मी उडवलाय.

केदारला सांगितलं. तो म्हणतो, दोन महिन्यांत बदली आहे, तोंड बंद ठेव, चैत्रालीकडे बघ. तो वाईट माणूस नाही, घाबरलाय. मीही घाबरलेय. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी तुझ्या हातचं हवंय.

वैदेही


सांगली, ११ जून

वैदेही,

माझ्या हातचं हवंय तर घे. हे पत्र मिळेल त्या दिवशी सुपरिंटेंडेंटकडे जा आणि सांग. दुसऱ्या दिवशी नाही. तिथून उठून शिउलीकडे जा आणि तिलाही सांग. नोकरी गेली तर गेली, नर्सची नोंदणी रद्द झाली तर झाली. तुझ्या ताटात पोळी वाढणारा नवरा आहे. त्या पोरीच्या घरात मिळवती तीच असणार.

मी तिला नको ते बोलले होते. ते पत्र जाळून टाक, लाज वाटते मला त्याची. तुझी लाज वाटते का, हे विचारू नकोस. लहानपणी ताप आला की तू माझ्याच कुशीत यायचीस, हे मला आज नेमकं आठवलं आणि राग धड येईना.

केदारला माझे आशीर्वाद. त्याला सांग, आत्या चिडलीय.

आत्या


कोलकाता, ९ जुलै

आत्या,

पत्र सोळाला मिळालं, मी सोळालाच गेले. ऐक काय झालं ते.

मॅडमनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं. मग फाईल उघडून माझ्यापुढे ठेवली. चार्टवर त्या दुपारी एकच इंजेक्शन होतं, शिउलीचं. कागदावर 'बाकी' आणि खाली शिउलीची सही. मी म्हणाले, दिलेलं मी लिहिलंच नाही, तेच तर सांगतेय. त्यावर त्या म्हणाल्या, "वैदेही, तुमच्याच वॉर्डच्या भिंतीवर लिहिलंय, जे लिहिलं नाही ते झालं नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या प्रेमाने बोलत होत्या. माझ्या मनावर ताण आलाय, हाताखालच्या मुलीसाठी जीव तुटतोय म्हणून मी स्वतःवर ओढून घेतेय, असं त्यांचं म्हणणं. मी सगळं लिहून दिलं. त्यांनी ते घेतलं, पण पोच दिली नाही. सह्या आधी करून घेतल्या हे मान्य केलं तर प्रमाणपत्र जातं, हे त्यांना कळतं आणि मलाही कळतं. पुन्हा दोनदा गेले. दुसऱ्यांदा मला रजेवर जायला सांगितलं. तनिमाला विचारलं तर ती रडायला लागली. ती ड्रेसिंगला होती, तिने काहीच पाहिलेलं नाही.

चोवीस जूनला नस्करबाबू गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. पंचवीसला शिउलीला काढून टाकल्याचं पत्र निघालं.

त्याच आठवड्यात रविवारी मी बारुईपूरला गेले. तिच्या आईने बसायला वेताचा मोडा दिला, मुडी म्हणजे आपले चुरमुरे आणि चहा दिला. मी सांगितलं. शिउलीने एकच विचारलं, "म्हणजे मी डोस बरोबर भरला होता?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि कपबश्या उचलून आत गेली. मी अर्धा तास बसून राहिले. ती बाहेर आली नाही.

एप्रिलमध्ये बोलले असते तर फाईल तेव्हा उघडी होती, आत्या. हे कोणी मला सांगायची गरज नाही.

वैदेही


सांगली, २० जुलै

वैदू,

सांगायची गरज नाही म्हणतेस, तर सांगत नाही.

आता दोन कामं कर. नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर पत्राने सगळं लिही, पोचपावती जपून ठेव. आणि नस्करांच्या घरी जा. त्यांनी मागणी केली तर फाईल उघडावीच लागेल.

मी इथे बसून तुला कामं सांगतेय हे मला दिसतंय. त्याखेरीज काय करू, ते मला सुचत नाही. मशीन काढून ठेवलं की घरात अगदी सामसूम असते, आणि मग त्या पोरीचाच विचार येतो. माझ्या एका वाक्यावर किती मुली रडवल्या मी. ती भिंत तू पुसलीस का?

आत्या


कोलकाता, १५ सप्टेंबर

आत्या,

भिंत पुसली नाही. मी आता तिथे नाही. ऑगस्टमध्ये राजीनामा मागितला, मी दिला. वाक्य प्रत्येक मजल्यावर छापून लावलंय असं तनिमा सांगते.

कौन्सिलला लिहिलं, पोच आली. ते हॉस्पिटलकडून कागद मागवतील. त्या कागदांत काय आहे ते तुला ठाऊकच आहे.

नस्करांकडे गेले. बायको एकटी होती. मी सांगू लागले तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. त्यांना एक नाव मिळालंय, त्या मुलीला काढलंय, आता पुन्हा कोर्टकचेरी आणि पुन्हा तो दिवस त्यांना नको. ती मला म्हणाली की तुम्ही चांगल्या दिसता, दुसऱ्याचं पाप कशाला घेता. माझं ऐकून घेणारं एकही माणूस या शहरात उरलं नाही, अशी मी रस्त्यावर येऊन उभी राहिले.

केदारची बदली कांडल्याला झाली. सव्वीसला निघायचंय. खालच्या मैदानात पूजेचा मांडव उभा राहतोय आणि पूजा चुकणार म्हणून चैत्राली आमच्याशी बोलत नाही.

शिउलीला दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलने घेतलं नाही. आधीच्या ठिकाणी फोन करून विचारतात आणि विषय संपतो. तनिमाकडून कळलं की ती आया सेंटरमार्फत कामाला जाते. इथे म्हाताऱ्या माणसांकडे बारा-बारा तासांसाठी बायका पाठवतात, ती सेंटरं. टॉलीगंजला एका आजींकडे ती रात्रपाळी करते. काल सकाळी आठला, तिची सुटायची वेळ साधून मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले.

ती आली. वाळलीय. मला पाहून थांबली, टाळलं नाही. तिनेच विचारलं, निघताय ना तुम्ही, तनिमादी म्हणत होती. मग जरा घुटमळून म्हणाली, "दीदी, मी नर्स आहे एवढं लिहून द्याल?" सेंटरवाले विश्वास ठेवत नाहीत. हॉस्पिटलने अनुभवाचा दाखला दिला नाही. सेंटरच्या वहीत ती नुसती आया आहे. त्या आजींची साखर कमी झाल्याचं परवा तिने ओळखलं, तर घरच्यांनी तिला सुनावलं की तू डॉक्टर आहेस का.

चहाच्या टपरीच्या बाकावर बसून मी लिहिलं. माझं पूर्ण नाव, माझा नोंदणी क्रमांक, शिउली हालदार हिने माझ्या हाताखाली तीन वर्षं नर्स म्हणून काम केलं, तिच्या कामात एकही चूक नव्हती. हे शेवटचं मी दोनदा गिरवलं. तारीख घातली, सही केली.

तिने सावकाश वाचलं. कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"शिक्का?"

मी म्हटलं, माझ्याकडे आता शिक्का नाही.

ती हो म्हणाली. कागद परत दिला नाही मला. चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला. माझ्यासमोर टाकून देणं तिला बरं वाटलं नसणार, म्हणून. तेवढ्यात गडियाची बस आली आणि ती चढून गेली.

वैदेही